मुद्दाम चुकवलेलं वजन

त्या दिवशी सकाळी बाबांनी तिच्या मोबाइलवर पातेलं पालथं घातलं आणि मगच पेपर उघडला. यात नवीन काही नव्हतं. चहाच्या वेळी घरातलं बोलणं त्या यंत्राच्या कानावर जाऊ नये म्हणून बूड काळं पडलेलं एक जुनं पातेलं कायमचं टेबलावर येऊन बसलं होतं. पातेल्यातूनही आवाज आत जातो हे तिला माहीत होतं. ते तिनं कधी सांगितलं नाही.

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानदारांच्या तागड्या तपासण्यात गेली. पारड्याच्या तळाला चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, माप भरताना आत दडपलेला अंगठा हे सगळं त्यांनी इतकं पाहिलं होतं, की निवृत्तीनंतर डोळ्यांना दुसरं काही दिसेना. दूधवाला, डॉक्टर, हवामानाचा अंदाज सांगणारी टीव्हीवरची बाई, कुणीही समोर आलं की याचा अंगठा कुठे आहे हे ते आधी बघायचे. विश्वास होता तो एका जुन्या, तारेच्या फोनवर. तोसुद्धा ते उभ्यानेच घ्यायचे. "आपण बसलो की समोरच्याला वाटतं, गिऱ्हाईक बसलं." दुपारी ती कामावरून गोळ्यांची आठवण करून द्यायला फोन करायची, तेवढ्यापुरती मात्र ते लोखंडी खुर्ची फरशीवरून खरडत ओढायचे आणि बसायचे. त्या आवाजानं तिचे दात शिवशिवायचे.

"युद्ध होणार," पेपरमागून आवाज आला. "आणि व्हावंच. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे. तुझं काय म्हणणं?"

"दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा."

"तो करायला सरकार पगार घेतं. तू बोल."

"चहा गार होतोय, बाबा."

पेपरचं पान उलटलं. "बरं, हे ऐक. पुन्हा चंद्रावर माणसं पाठवणार म्हणे. कशाला? तिथे सगळ्याचं वजन सहावा हिस्सा. दुकानदारांची चंगळ. तागडीत किलोभर माल टाकला तरी सहावा हिस्साच भरणार, आणि धरायला मी नाही. बरोबर की नाही?"

बरोबर नव्हतं. तागडीत एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला वजन. हलकी व्हायची तर दोन्ही सारखीच होतील आणि दांडी सरळच राहील. फसेल तो स्प्रिंगचा काटा. जन्मभर तागड्या धरलेल्या माणसाला एवढं कळू नये, याचं तिला नवल वाटलं. वाक्य अगदी ओठांवर आलं आणि तिथूनच परत गेलं.

"असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे? आहे की नाही?"

"असेल, बाबा."

"तू साक्षीला उभी राहिलीस तर न्यायाधीश टेबल आवरून घरी जाईल," ते म्हणाले आणि पातेलं उचलून तिचा मोबाइल तिच्याकडे सरकवला.

अशी ती जन्मतः नव्हती. लहानपणी भरपूर बोलायची. पण काही म्हटलं की बाबा चष्म्यावरून बघून विचारायचे, "हे कुणी सांगितलं तुला?" आवाज दुकानदाराला विचारतात तोच. बाईंनी? मैत्रिणीनं? कुठल्या पुस्तकात आहे? ती वाचायची खूप, त्यामुळे बरेचदा वाक्य खरंच कुठून तरी आलेलं असायचं, आणि चोरीचा माल पकडल्यासारखे कान तापायचे. केव्हातरी तिनं मिठाची गुळणी धरली ती धरलीच. आता चाळिशीच्या उंबरठ्यावर ती जगातल्या कुठल्याही विषयावर दोन्ही बाजू व्यवस्थित मांडू शकत होती. तिसरी, म्हणजे स्वतःची, बाहेर काढण्याची सवय राहिली नव्हती.

नोकरीही अशी मिळाली, की सवयीचं भांडवल झालं. कंपनी फोनवरून लोकांची मतं गोळा करायची. यंत्र मनाला येईल तो नंबर फिरवायचं, पलीकडे कुणी उचललं की छापील प्रश्न विचारायचे, उत्तर नोंदवायचं. विचारणाऱ्याच्या आवाजात होकार नको, नकार नको, आश्चर्य तर मुळीच नको. नवीन मुलींना तिचे फोन नमुना म्हणून ऐकवायचे. "बघा," साहेब सांगायचे, "आवाजात काही म्हणजे काही नाही."

त्या महिन्याची पाहणी युद्ध, अंतराळ आणि रोजच्या वापरातली यंत्रं यांवर होती. जेवणाची सुट्टी होण्याच्या थोडं आधी तिच्या कानात घंटा वाजली आणि पलीकडून दणका आला.

"कोण?"

हा 'कोण' जगात एकाच माणसाचा होता. तिनं पडद्यावरचा नंबर पाहिला. घरचा.

नियम साधा होता. नात्यातलं कुणी लागलं तर फोन बंद करायचा आणि तशी खूण करायची. तिचं बोट त्या खुणेवर गेलंही. पण चोवीस तास संशय घेणारा हा माणूस अनोळखी बाईशी कसा बोलतो, हे ऐकायची इच्छा अचानक इतकी दाटून आली, की बोट तिथेच राहिलं. तिनं कामाचा आवाज लावला. कंपनीचं नाव, पाहणीचा विषय, उत्तरं गुप्त राहतील वगैरे वगैरे. छाती इतकी धडधडत होती की स्वतःच्या आवाजापलीकडे तिला काही ऐकू येत नव्हतं.

"माझा नंबर कुणी दिला?"

"यंत्र निवडतं."

"आणि यंत्र कुणी निवडलं?" पण फोन ठेवला नाही. "विचारा."

"सीमेवरचा तंटा मिटवण्यासाठी युद्ध करावं लागलं तरी ते योग्यच आहे. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, काहीसे असहमत, पूर्ण असहमत, की सांगता येत नाही?"

"पूर्ण असहमत."

तिला वाटलं, चुकून उलटं म्हणाले. तिनं प्रश्न पुन्हा वाचला.

"ऐकू येतं मला. असहमत. पूर्ण. युद्ध करा म्हणणाऱ्यांची वयं बघा. सगळे माझ्या वयाचे. आम्हाला कोण पाठवतंय?"

"अंतराळ मोहिमांवर होणारा खर्च योग्य आहे."

"आहे. सहमत. अहो, चंद्रावर तागडी नेली ना, तर ती तिथेही खरंच सांगेल. दोन्ही पारडी सारखीच हलकी. स्प्रिंगचा काटा मात्र सपशेल खोटारडा ठरेल. मला कुणी नेलं तर एवढं बघायला मी आत्ता निघेन. हे लिहायला जागा आहे का तुमच्याकडे?"

"आहे," ती म्हणाली. आवाजात काही येऊ न देण्यासाठी तिला टेबलाची कड धरावी लागली. मग तिनं पुढचा प्रश्न वाचला.

"रोजच्या वापरातली यंत्रं आपलं बोलणं ऐकतात, असं तुम्हाला वाटतं का?"

"ऐकत असतील. ऐकून करतील काय? माझ्या घरात ऐकण्यासारखं कुणी बोलतच नाही. मी सोडून."

पुढचा प्रश्न कागदावर नव्हता. "घरीही तुम्ही हीच मतं सांगता का?"

"छे. घरी उलटं बोलतो."

"का?"

"काटा अडकलाय का, हे कसं बघतात? मुद्दाम चुकीचं वजन टाकायचं. काटा जिवंत असेल तर हलतो."

"आणि हलतो का?"

"अजून तरी नाही."

शेवटचं वाक्य तिनं कसंबसं वाचलं. "आपल्याला काही विचारायचं आहे का?"

"हो. तुमचं स्वतःचं मत काय?"

"माफ करा. आम्हाला मत सांगता येत नाही."

काही क्षण गेले. "वाटलंच," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं त्यांच्याकडे चोरून पाहिलं. चेहरा ताकास तूर लागू देत नव्हता. जेवताना तेच म्हणाले, "आज एका बाईचा फोन आला होता. मतं विचारत होती. भामटी असणार. अशी खरडपट्टी काढली तिची."

खरडपट्टी काढली नव्हती. हे चुकीचं वजन होतं, ढळढळीत, ताटाशेजारी ठेवलेलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. उद्या रविवार आहे, उद्या निवांत बोलू, असं तिनं ठरवलं आणि म्हणाली, "असेल."

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते. झोपेतच, डॉक्टर म्हणाले. आत्या आली, बराच वेळ दादाच्या तोंडाकडे बघत बसली आणि म्हणाली, "जागा असता तर डॉक्टरलाही खोटं ठरवलं असतं त्यानं." दोघी हसल्या, आणि मग आत्या रडली. तिला मात्र रडू येईना, कारण मनात पाल चुकचुकत होती.

त्यांनी आवाज ओळखला होता का?

नसेल ओळखला, तर ते सगळं एका परक्या बाईसाठी होतं. ओळखला असेल, तर त्यांनी आपल्या मुलीला तिचं मत विचारलं होतं आणि मुलीनं कंपनीचं उत्तर दिलं होतं. ती भांडी घासताना 'वाटलंच' हा शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघायची, कधी वैतागून, कधी हसून. दोन्ही जमायचं. शेजारी चौकशीला आले तर हे नक्की कशासाठी आलेत, असं तिच्या मनात यायचं. एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की चहा ओतण्याआधी आपणच मोबाइलवर पातेलं घातलंय.

रजेनंतर कामावर रुजू झाली त्याच दिवशी चाळणीनं बोलावलं. चाळणी म्हणजे तपासणी विभागाचे साहेब. खोट्या मुलाखती वेचून काढणं त्यांचं काम, म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव.

"बसा. ही एक मुलाखत अडकलीय. तुमच्या मुलाखतीवर मी कधी बोट ठेवलेलं नाही, पण ही दुप्पट लांब आहे. आणि त्यात तुम्ही यादीबाहेरचे प्रश्न विचारलेत. तुम्ही." त्यांनी चष्मा पुसला. "खरं सांगू? मला ही बनावट वाटते. कुणाला तरी पलीकडे बसवून केलेली. चंद्रावर तागडी नेणारी माणसं फोनवर सापडत नाहीत हो."

"बनावट नाही, सर."

"मग त्यांनाच विचारू." त्यांनी नंबर फिरवला. खोलीत घंटा घुमू लागली. ती कुठे वाजते आहे, हे तिला दिसत होतं. भिंतीजवळच्या स्टुलावर. शेजारी लोखंडी खुर्ची. कुणी उचलत नव्हतं.

"उचलणार नाहीत," ती म्हणाली. "ते माझे वडील होते."

साहेबांनी फोन ठेवला. ती रजेवर का होती, हे त्यांना माहीत होतं.

"नियमानं ही रद्द होते," ते म्हणाले. "आवाजही पुसला जातो."

"माहितीय. पुसण्याआधी एकदा ऐकू द्या. मला एकच गोष्ट तपासायचीय."

त्यांनी हेडफोन पुढे सरकवला. "उजव्या कानात ते, डाव्या कानात तुम्ही. वेगवेगळं रेकॉर्ड होतं." आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तिनं डावा कान मोकळा ठेवला. तिला स्वतःला ऐकायचंच नव्हतं.

"कोण?" मग नुसतीच घराची शांतता. इथे ती कंपनीचं नाव सांगत असणार. घड्याळाची टिकटिक, दूर कुणाचा तरी नळ. आणि मग फरशीवरून लोखंडी पाय ओढत आणल्याचा कर्कश, लांबलचक आवाज. पाठोपाठ बसताना ते करायचे तो हुंकार.

तिचे दात शिवशिवले. तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खुर्चीच. 'माझा नंबर कुणी दिला' हे नंतरचं. आधी बसले, मग विचारलं. परक्याच्या फोनला ते कधी बसले नव्हते.

मग तिनं शेवट लावला. "तुमचं स्वतःचं मत काय?" त्यानंतरचे काही क्षण त्या दिवशी तिला रिकामे वाटले होते. ते रिकामे नव्हते. बाबा श्वास घेत होते, सावकाश, दांडी स्थिर व्हायची वाट बघताना घेतात तसा. त्यांनी किती वाट बघितलीय, हे तिला आत्ता कळत होतं.

"वाटलंच" यायच्या आधी तिनं बटण दाबलं.

"युद्ध मला नको आहे," ती म्हणाली. आवाज चिरकला. खिडकीतले साहेब वळले नाहीत. "कुठल्याच बाजूनं विचार करून नको आहे. चंद्रावर जावं माणसानं. तागडीचं मला त्याच सकाळी कळलं होतं, बाबा, तुम्ही चुकीचं सांगत होता. आणि पातेल्यातून सगळं ऐकू जातं. तरी तुम्ही ते घालायचात ते मला आवडायचं, कारण मग खोलीत आपण दोघंच आहोत असं वाटायचं."

ती थांबली. त्यांनी पुढे काय विचारलं असतं, ते तिला ठाऊक होतं.

"कुणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "माझंच आहे."