कोरडा खांदा

साल १९६१. धुलाई कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की फाटकाशी बायकांची अशी झुंबड उडायची, की रखवालदाराची खुर्चीसुद्धा दिसेनाशी व्हायची. झुंबड घरी जायला नव्हे. फाटकालगतच्या पत्र्याच्या खोलीत पुरचुंडीबाबा बसायचा, त्याच्या दर्शनाला.

तेव्हा आम्ही त्याला ‘बाबा बसलेत’ म्हणत असू. आज माझं वय झालंय, मी कुणाला उगाच मान देत नाही. बसायचा.

पन्नाशीचा माणूस, हात गुळगुळीत. त्या हातांनी जन्मात ओला रुमाल पिळला नसावा. पुढ्यात घट्ट झाकणाचा डबा आणि डब्यात लिंबाएवढ्या पांढऱ्या पुरचुंड्या.

“दुखणं म्हणजे काय, बायांनो? दुखणं म्हणजे आग! हाडात दडून बसलेली आग! डॉक्टर काय करतो? बाहेरून फुंकर घालतो. आणि इथं काय होतं?”

“आग बाहेर निघते!” बायका एका सुरात.

“मी काढत नाही हो. पुरचुंडी काढते. मी कोण? मी नुसता डबा उघडणारा!”

एवढं एक वाक्य मात्र तो खरं बोलायचा.

मग एखादी नवी पोर पुढे व्हायची. तिच्या दुखऱ्या खांद्यावर बाबा पुरचुंडी दाबून धरायचा आणि डोळे मिटून पुटपुटायचा. मिनिट-दोन मिनिटांत पोर किंचाळायची, “अगं बाई, तापली! खरंच तापली!” नेमकी कधी उचलायची ते त्याला अचूक ठाऊक होतं. मग तो गाठ सोडून दाखवायचा. बांधताना आत टणक खडा होता, सगळ्यांनी बघितलेला. आता त्याचं भुरभुरीत पीठ. “बघ! हे पीठ तुझ्या हाडाचं व्हायचं होतं. खड्यावर निभावलं.” पोर त्याच्या पायावर डोकं ठेवायची.

कुणी शंका काढू नये म्हणून त्याने आमच्या मुकादमालाही बसवलं होतं. त्याच्या खांद्यावर पुरचुंडी पाव तास राहिली, थंडगार. “निरोगी अंग! आग नाही तर निघणार काय?” बाबा म्हणाला. मुकादम मिशीवर हात फिरवत उठला. इस्त्रीखात्यातल्या जुन्या बायकांच्या अंगावरही ती गारच राहायची. त्यांचे पाय संध्याकाळी खांबासारखे सुजायचे, पण बाबाने निकाल दिला, “यांचं दुखणं जिरलं.” त्या बिचाऱ्याही म्हणाल्या, जिरलं असेल.

मी आणि माझी थोरली बहीण, ताई, एकाच दिवशी कामाला लागलो. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी धुवायचा तो कारखाना. धुवायची यंत्रं खाली, वाळवायची खोली वर, मध्ये सव्वीस पायऱ्या. ओल्या चादरींचा गठ्ठा खांद्यावर टाकायचा आणि वर न्यायचा, हे काम नव्या बायकांचं. गठ्ठ्यातून गळणारं पाणी खांद्यावरून पाठीत, पाठीतून टाचेपर्यंत. भोंग्यापासून भोंग्यापर्यंत अंगावर कोरडा धागा म्हणून नसे.

पहिल्या आठवड्यात माझी अशी गत झाली, की खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडायचे, मग भिंतीला धरून बाकीचं शरीर गोळा करायचं. मीही पुरचुंडी लावून घेतली. तापली. त्या उबेने बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? बाबाने सांगितल्याप्रमाणे त्यातलं पीठ कागदात बांधून उशाखाली ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात दुखणं ओसरलं तेव्हा मीच नव्या पोरींना सांगत सुटले, “जा गं, बाबांकडे जा.” त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मुकादमाला तर ही पुरचुंडी देवानेच धाडल्यासारखी झाली. त्याने नियम केला: दुखण्याची रजा हवी, तर आधी पुरचुंडी. तापली तर एक दिवस घरी. नाही तापली तर कामचुकार.

आणि मग ताईचा पाय घसरला. विसाव्या पायरीवर. ती पडली नाही, पण निसटता गठ्ठा तिने एका हाताने झेलला. उजव्या खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. तिच्यामागच्या पायरीवरून मी ते ऐकलं. रात्रभर ती कुशीवर वळू शकली नाही. दुसऱ्या दिवशी घरी राहिली. तिसऱ्या दिवशी मी तिला धुतलेले कपडे घातले, हात गळ्यात बांधला आणि सकाळीच मुकादमापुढे उभं केलं.

बाबाला बोलावणं गेलं. पुरचुंडी ताईच्या खांद्यावर ठेवली. आम्ही वाट बघितली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाव तास.

थंड.

“मुकादमसाहेब, हिचा हातसुद्धा वर होत नाही हो,” मी म्हणाले.

“हात वर होत नाही, पण काल सुट्टी बरी घेता आली?”

बाबा माझ्या ताईकडे बघून हसला. “पोरी, माणूस खोटं बोलतं. पुरचुंडी बोलत नाही.”

“गठ्ठा उचलायचा, नाहीतर दोघींनी फाटकाबाहेर व्हायचं,” मुकादमाने निकाल दिला. घरात आमच्या दोघींखेरीज मिळवतं कुणी नव्हतं; चुनकाम करणारे आमचे आबा दम्याने घरी बसले होते. ताईने गळ्यातली झोळी सोडली. नऊ दिवस तिने गठ्ठे वाहिले. दहाव्या दिवशी तिला भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेता येईना.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हळूच उचलून सोडला. तो दोरी तुटलेल्या पडद्यासारखा खाली आला.

“खांद्यातला स्नायू फाटलाय. आधी थोडा फाटला असणार. तेव्हाच दीड-दोन महिने विश्रांती दिली असती तर बहुतेक भरून आला असता. एवढे दिवस कुणी काम करायला लावलं?”

मी पुरचुंडीची हकिगत सांगितली. बाई चिडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, “नव्या कामाला लागल्यावर सगळं अंग ठणकतं, ते दोन-तीन आठवड्यांत सवयीनं ओसरतं. तुझं तसंच ओसरलं. पण एकाच जागी कळ येते, हात उचलत नाही, झोप लागत नाही, ते निराळं. तिथे हात थांबवायचाच. हा फरक तुझा बाबा सांगत नाही, कारण ओसरणाऱ्या दुखण्यावरच त्याचं पोट आहे.”

घरी येऊन मी उशाखालची पुडी काढली आणि फेकायला निघाले. आबा म्हणाले, “काय गं ते?” त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, हुंगलं आणि इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

“अगं वेडे, हा चुना! विरलेला चुना. उभा जन्म गेला माझा यात. आधी खडा होता का? मग ती चुनकळी. पाणी लागलं की रटरट तापते आणि फुटून पीठ होतं. बादलीच्या बादली उकळताना पाहिलीय मी.”

“पण आबा, तो पाणी ओततच नाही.”

“पाण्याशिवाय ती तापायची नाही. बघ कुठून येतं ते.”

मी तिथेच उभी राहिले. माझा खांदा भोंग्यानंतरचा, चिंब. मुकादमाचा कोरडा. इस्त्रीवाल्यांचे कोरडे. आणि ताईला मी, मी स्वतः, धुतलेले कोरडे कपडे घालून नेलं होतं.

रडायला मला वेळ नव्हता. मला तो माणूस हवा होता.

आठ दिवस मी तोंडातून ब्र काढला नाही. गठ्ठे वाहिले, बाबाला वाकून नमस्कारही केला. फक्त एकीला सांगितलं. तिला आम्ही ‘तोफ’ म्हणत असू. ती खाली बोलली की वरची कबुतरं उडायची. आणि डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला. नवव्या दिवशी त्या आल्या, येताना कारखान्याच्या मालकांनाही घेऊन आल्या. भोंगा झाला, गर्दी जमली.

मी ताईला पुढे केलं, कोरड्या कपड्यांत. पुरचुंडी ठेवली. थंड.

“सांगितलं होतं की नाही? सोंग!” मुकादम मालकांना ऐकू जाईल असं म्हणाला.

“बाबा, आता हीच पुरचुंडी इथं ठेवते,” म्हणत मी ती उचलली आणि ओल्या चादरींच्या गठ्ठ्यात खुपसली. मोजून दोन मिनिटं. मग तोफेचा हात धरून वर ठेवला.

“अगं आई गं!” तोफ धडाडली. “बायांनो, चादरीची कंबर धरली! हिला रजा द्या कुणीतरी!”

हशा असा उसळला की पत्रे थरथरले. बाबाने डब्याकडे हात नेला, तर डबा माझ्याकडे. मुकादम म्हणाला, “हे... हे चादरीत रोग्यांचं दुखणं उतरतं, इस्पितळाच्या असतात ना त्या...”

“असं होय?” मी म्हणाले. “मग कोऱ्या चादरीनं करू. आणि माणूस निरोगी घेऊ. बाबांहून निरोगी कोण?”

तोफ आणि चौघीजणींनी त्याला खुर्चीवर बसवलं, कोरी चादर पाण्यात बुडवून त्याच्याभोवती गुंडाळली आणि हात आत आवळून टाकले. मी त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पुरचुंडी खोचली.

“निरोगी अंग, बाबा. गारच लागेल. मी शंभरपर्यंत मोजते.”

मी सावकाश मोजलं. साठला तो चुळबुळला. ऐंशीला घाम फुटला.

“काढ गं पोरी.”

“माणूस खोटं बोलतं, बाबा. पुरचुंडी बोलत नाही. एक्क्याऐंशी.”

“भाजतंय! काढा! चुनकळी आहे ती! पाणी लागलं की तापते, कुणालाही तापते, काढा!”

“मोठ्यानं. मालकांना ऐकू आलं नाही.”

त्याने मोठ्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनीच पुढे होऊन पुरचुंड्या ओढून काढल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. बाबाच्या खांद्यांवर दोन लाल चट्टे उठले होते. शंभर झाले नाहीत याचं मला तेव्हा वाईट वाटलं. खरं सांगू? अजून वाटतं.

त्यानंतर कोण कुठे गेलं ते सांगून टाकते. पुरचुंडीबाबा त्याच संध्याकाळी पसार झाला. पुढे दुसऱ्या एका गावात तो दाढदुखी झाडतो, असं कानावर आलं. मी तिथल्या शाळेच्या मास्तरांना सगळं लिहून कळवलं. तिथूनही तो हलला. मुकादमाला मालकांनी काढलं नाही, गठ्ठे मोजायला बसवलं. म्हातारपणी त्याची कंबर गेली आणि त्याची सून म्हणायची, “दुखतंय म्हणता, पण दिसत तर काही नाही.” हे ऐकून मी पोट धरून हसले. ताई म्हणाली, हसू नये. तरी हसले.

कारखान्यात डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून नवा नियम झाला: नव्या बाईला पहिले तीन आठवडे अर्धा गठ्ठा, आणि कळ आली तर दवाखाना. बाई बदली होऊन लांब गेल्या, दरवर्षी पत्र पाठवायच्या. तोफ पुढे मुकादमीण झाली. तिच्या हाताखाली एकही खांदा फाटला नाही. आबा त्याच थंडीत गेले. मी चौतीस वर्षं तिथेच काढली.

ताईचा हात छातीच्या वर कधी गेला नाही. लग्न झालं, दोन मुलं झाली, ती तिने डाव्या हाताने वाढवली. चार वर्षांपूर्वी ती गेली. नवस, अंगारे, ताईत, काहीही सुचवायला आलेल्यांना ती एवढंच विचारायची, “ते कोरड्यावर करून बघितलंत का?”

माझंही तेवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर तो ओल्यावर करून बघा, कोरड्यावर करून बघा, चादरीवर करून बघा. पीठ झालं तर ते चुन्याचं की गव्हाचं, ते जाणत्याला विचारा. आणि माणूस दुखतंय म्हणाला, तर खडे, पुरचुंड्या, मुकादम यांना विचारत बसू नका. त्यालाच विचारा, कुठे दुखतंय, कधीपासून. आम्ही दोन वाक्यांत सांगितलं असतं.