निळ्या सायकलीचा चिमटा

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये संघप्रियाच्या सायकलीचा, पुढचं चाक धरणारा चिमटा तडकला. ही निळी विलायती सायकल तिच्या वडिलांची, भाऊसोंची. तरुणपणी ते तिच्यावर शर्यती मारायचे. लोखंडाची असूनही एका हातानं उचलावी इतकी हलकी. गुडघे गेल्यावर त्यांनी ती लेकीला दिली. राजारामपुरीतल्या क्लासवर गणित शिकवायला जाण्याआधी संघप्रिया रोज पहाटे कागलच्या रस्त्यानं लांबवर जाऊन यायची. थंडीत उसाच्या फडांवर धुकं उतरलेलं असायचं, आणि आपल्या पायांखाली सायकल आहे की नुसतं वारं, हे तिला कळायचं नाही.

सायकलवाल्या निसारभाईंनी पुढचं चाक काढलं. चिमट्याच्या डाव्या पायाला केसाएवढी चीर होती.

"हिच्यावर बसू नका, ताई. जिवाशी खेळ हाय."

त्यांनी दुकानातले सगळे चिमटे लावून बघितले. कुठल्याचे पाय लांब, कुठल्याची हँडलकडं जाणारी दांडी आखूड. एक मापाला नेमका बसला, तर त्याच्या दांडीवरचे आटे जुळेनात.

"आपल्याकडं इंचाला सव्वीस आटे, हिला चोवीस," निसारभाई म्हणाले. "हिची जुळी बहीण हाय एक. आजऱ्याला, आकाराम मास्तरांची. मास्तर गेले, पर सायकल असंल की घरात."

रविवारी संघप्रिया एसटीनं आजऱ्याला गेली. मास्तरांच्या पत्नी तानाबाई अंगणात काजू वाळत घालत होत्या. सायकल माळ्यावर गोणपाटाखाली निघाली. तीही निळी. चिमटा शाबूत होता, आटे चोवीस.

"ने की," तानाबाई म्हणाल्या. "मी काय करू हिचं?" मग त्यांनी सीटवरची धूळ पदरानं पुसली. "थांब. आधी मला एकदा बसू दे. मास्तरांनी कधी हात लावू दिला न्हाय."

टायर वाळून कडक झाले होते, तरी शेजाऱ्यांच्या पंपानं भरल्यावर त्यांनी हवा धरली. साठीच्या तानाबाईंनी काष्टा घट्ट खोचला आणि टांग टाकली. संघप्रिया सीट धरून काजूंच्या भोवती पळू लागली. शेजारी कुठंतरी भाजलेल्या काजूच्या टरफलांचा तिखट वास, दुपारचं पांढरं ऊन, आणि पुढं वाऱ्यावर फुगलेला पदर. तिसऱ्या फेरीला तिनं हात सोडला. तानाबाईंना ते कळलंच नाही. त्या फिरतच राहिल्या, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर कसलंसं पुटपुटणं.

उतरल्यावर त्यांनी हँडल सोडलं नाही.

"पोरी, राग मानू नको. मी न्हाय देत ही."

"नकाच देऊ," संघप्रिया म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

परतीच्या एसटीत तिला वाईट वाटायला हवं होतं. पण खिडकीतून डोंगर मागं सरकत होते आणि अर्धवट झोपेत सगळ्या उतारांवर निळ्या सायकली चालल्या होत्या.

निसारभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग जोडच द्यायचा. दांडी तुमचीच, पाय दुसऱ्या चिमट्याचे. उद्यमनगरात एकजण पितळ वितळवून असा जोड देतो, की हत्ती बसला तरी सुटायचा न्हाय."

पंधरा दिवसांनी चिमटा आला. निसारभाईंनी चार दिवस स्वतः चालवून बघितला, मगच सायकल दिली. पहिल्या पहाटे भाऊसो दारात आले. हँडलवर सगळा भार टाकून त्यांनी दोनदा दाबलं, कान देऊन ऐकलं.

"जा."

पहिले दोन मैल तिची बोटं ब्रेकवरच होती. जुनी चाल नव्हती ही. जरा सुस्त, जरा मऊ. कागलच्या नव्या एमआयडीसीची शेडं उजेडात आली तरी तिला मागं वळावंसं वाटेना. त्या दिवशी क्लासची मुलं अर्धा तास तिची वाट बघत बसली.