पायांवरची चटई

मकेरिताला मांडी घालून स्वस्थ बसवत नसे, आणि ताउआनूंच्या मुलीला बसवत नाही ही गोष्ट गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. ताउआनू गावाचे वक्ते. मताई म्हणजे घराण्यांचे किताबधारी प्रमुख जमले की गावाच्या वतीने बोलायचं ते त्यांनीच. संध्याकाळी शंख वाजायचा, घराघरांत प्रार्थना सुरू व्हायची, रस्त्यावर चिटपाखरू फिरकायचं नाही, आणि नेमकं तेव्हाच मकेरिताच्या पोटऱ्यांत ते जागं व्हायचं. दुखणं म्हणावं तर दुखणं नाही, मुंग्या म्हणाव्या तर मुंग्याही नाहीत. हाडाच्या आत काहीतरी शिवशिवत राही. पाय हलवला की क्षणभर थांबे, स्वस्थ बसलं की पुन्हा सुरू. पण पाय हलवायचा कुठे? चटईवर बसलेल्याने समोरच्याकडे पाय पसरणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणंच.

लहानपणी तिची मांडी मोडली की बाबांच्या काठीचं टोक तिच्या गुडघ्यावर येई. प्रार्थनेचा एक शब्द न चुकवता ते मारत. स्वतः मात्र पायांवर बारीक विणीची चटई पांघरून बसत. म्हाताऱ्यांना आणि अधूंना तेवढी सवलत असते. बाबा तरुणपणी नीरफणसाच्या झाडावरून पडले होते, गुडघा कायमचा गेला होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चटईखाली काय आहे ते बघायला कोण जातंय!

राजधानीत, अपियाला, विद्यापीठात गेल्यावर तिला वाटलं, सुटले. तिथे खुर्च्या होत्या. पण संध्याकाळच्या तासाला खुर्चीतही तेच. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची आणि तास संपला की वसतिगृहामागच्या मैदानाला फेऱ्या घालायची. तिथे रोज आणखी एक जण दिसायची, सवाई बेटावरची वाइतोआ, उंच आणि तोंडाळ.

"तू पण रोज?" एकदा वाइतोआने विचारलं. "मला वाटलं मुलं बघायला फिरतेस."

"बघण्यासारखी असती तर बसून बघितली असती."

"बसून? तुला बसता येतं?"

मकेरिता थबकली. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता मकेरिताला रडू कोसळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्या एकटीच्याच अंगात काहीतरी वाईट शिरलंय.

वाइतोआनेच तिला विद्यापीठाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून रक्त घेतलं आणि नंतर सांगितलं, की या आजाराला नाव आहे, पायांची अस्वस्थता म्हणतात. मुलं जागरणं करतात, त्याने तो बळावतो. तुझ्या रक्तात लोह फार कमी आहे, गोळ्या घे, पण गुण यायला महिने लागतील. "आणि हा पुष्कळदा घराण्यातून येतो. घरात कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," मकेरिता म्हणाली. आई ती शाळेत असतानाच गेली होती. दादा बसला की डोंगर बसल्यासारखा. बाबांचा तर गुडघाच मोडलेला.

गोळ्या सुरू होऊन थोडे दिवस झाले, तोच गावाहून निरोप आला. दादाला, पेसामिनोला, घराण्याचा किताब मिळणार होता, तो मताई होणार होता. परगावचे मताई येणार होते. आवा, म्हणजे समारंभात मानाने द्यायचं मुळ्यांचं पेय, कालवायला ताउआनूंची मुलगी बसणार, हे उघडच होतं. वाडग्यामागे मांडी घालायची, पाठ ताठ, नजर खाली. हात तेवढे हलवायचे. वाडग्याकडे पाय गेला तर ती आवा ओतून द्यावी लागते, आणि ओतलेल्या आवावर कुणाला किताब मिळत नाही.

आदल्या दिवशी ती बाबांसमोर जाऊन बसली. ओलोआ आत्या पलीकडे नारळ किसत होती.

"बाबा, उद्या मला जमणार नाही. आत्याच्या मुलीला बसवा."

आत्याची किसणी थांबली. "म्हणजे गावाने काय समजायचं? सख्ख्या बहिणीला भावाचा किताब बघवत नाही? पायाला भिंगरी लागलीय हिच्या! प्रार्थनेच्या वेळीसुद्धा चुलीमागे येरझाऱ्या घालते, मी बघितलंय. विद्यापीठात काय चालायला शिकवतात?"

"आत्या, आजार आहे तो. डॉक्टरांनी सांगितलंय. रक्तात लोह कमी आहे, आणि घराण्यातून येतो."

बाबा इतका वेळ समुद्राकडे बघत होते. ते म्हणाले, "कुणाकडून?"

"काय?"

"घराण्यातून येतो म्हणतेस. कुणाकडून आला?"

"आईला असेल. तुम्हाला तर नाही."

बाबांनी चटई गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. "तुझी आई निवांत बसायची," ते म्हणाले. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "जमेल. सगळ्यांना जमतं." मकेरिताला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की ती परवानगी न घेता उठून गेली.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. दोन्ही टोकांच्या खांबांना टेकून मोठे मताई, पुढच्या रांगेत वक्ते, मधोमध बाबा, खांद्यावर काथ्याची चवरी, पायांवर चटई. त्यांच्या बरोबर समोर, मागच्या रांगेत, वाडग्यामागे मकेरिता. पाहुण्यांच्या वक्त्याचं भाषण लांबलं. त्याने पूर्वजांची नावं घेतली, डोंगरांची घेतली, मग पुन्हा पूर्वजांकडे आला. मग पाणी ओतलं गेलं. मकेरिताने आवा गाळायचा जास्वंदीच्या सालीचा झुबका वाडग्यात बुडवला, पिळला, खांद्यावरून मागे फेकला. बिनभिंतींच्या घराबाहेर उभ्या तरुणाने तो झटकून परत दिला. तोवर निभावलं.

आणि मग उजव्या पोटरीत शिवशिव सुरू झाली.

तिने दात आवळले. गुडघा चटईवर दाबला. हातांकडे लक्ष लावलं. सालीचा झुबका पुन्हा बुडवला तेव्हा तिच्या कोपरापर्यंत थरथर पोचली होती आणि वाडग्यातलं पाणी हलत होतं. पाहुण्यांपैकी एकाने भुवई उचलली. मागून आत्या दातांतून म्हणाली, "मकेरिता!" दादा खाली मान घालून बसला होता, त्याची मान लाल झाली होती. त्याचा किताब आता आपल्या एका पायावर टांगलाय हे तिला कळत होतं, आणि पायाला कळत नव्हतं. गुडघा वर आला. तिने तो हाताने खाली दाबला. आता पुढच्या वेळी तो थांबणार नव्हता.

"तुलोऊ."

आवाज बाबांचा होता. बसलेल्यांच्या पुढून जाताना क्षमा मागायचा तो शब्द. पण आवा कालवली जात असताना कुणी उठतच नाही, मग क्षमा कसली मागायची? बाबा उठले होते. पाठ पार कमरेत वाकवून, एक हात जमिनीकडे सोडून, "तुलोऊ, तुलोऊ" म्हणत ते अख्खं घर ओलांडून आले. त्यांच्या हातात त्यांची चटई होती. त्यांनी ती मकेरिताच्या मांडीवर पसरली, दोन्ही कडा खाली खोचल्या, जशा आई पोराच्या अंथरुणाच्या खोचते.

"पसर," ते हळूच म्हणाले. "चटईखाली कुणी बघत नाही. मला माहीत आहे."

आणि वाकूनच परत गेले. चालताना त्यांचा एकही गुडघा अडला नाही.

जागेवर बसून त्यांनी मांडी घातली. पाय उघडे होते. मकेरिताने चटईखाली पाय लांबवला, वाडग्यापासून दूर, बाजूला. सुटका झाली तशी तिने नजर वर केली. करायची नसते, पण तिने केली. बाबांचा उजवा पाय हलायला लागला होता. आधी बोटं, मग घोटा, मग गुडघा. तिच्याच पायाची चाल होती ती, तशीच थांबत थांबत येणारी. सगळं घर ते बघत होतं. बाबांनी त्यावर हात ठेवला नाही.

पाहुण्यांचा वक्ता खाकरला. "ताउआनू, तुमचा पाय झाडावरून पडून मोडला असं ऐकून होतो."

"मी कधीच झाडावरून पडलो नाही," बाबा म्हणाले. "माझे पाय बसत नाहीत. जन्मापासून नाहीत. मुलीचेही नाहीत, ते तिने माझ्याकडून घेतलेत. दोष द्यायचा तर इकडे द्या. आवा शुद्ध आहे."

टोकाच्या खांबापाशी बसलेल्या सर्वांत म्हाताऱ्या मताईने बाबांच्या पायाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याने आपला हात वाडग्याच्या दिशेने उघडला, म्हणजे पुढे चालू द्या. बाबांनी पहिल्या वाटीचा पुकारा केला. आवाज जराही कापला नाही. पेसामिनोला किताब मिळाला.

त्या संध्याकाळी शंख वाजायच्या आत बाबा चुलीमागे आले. मकेरिता तिथे येरझाऱ्या घालत होती. तेही तिच्याबरोबर चालू लागले. काठी आणली नव्हती.

"पुढच्या बैठकीत बोलायला दुसऱ्या कुणाला तरी बसवतील," ते म्हणाले. "खोटं सांगत आलो, ते गावाला चालणार नाही. ठीकच आहे." आणखी एक फेरी झाली. "त्या गोळ्या म्हाताऱ्यांना चालतात का?"

"रक्त तपासून देतात. मी घेऊन जाईन तुम्हाला."

बाबा चालत राहिले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मी काठी मारायचो, गुडघ्यावर. लागायचं?"

तिला नाही म्हणता आलं असतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "फार लागायचं."

त्यांनी मान हलवली. शंख वाजला. दोघंही आत गेली आणि एकाच चटईखाली पाय घेऊन बसली.