मी नदीत जाणार नाही

मित्रांनो, मी एक म्हातारा झालेला मासा आहे. सिल्वासाजवळच्या सामरवरणी गावातल्या एका फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत राहतो. माझ्या जातीच्या अंगावर निळेकाळे पट्टे असतात. मी मात्र गुलाबी आहे आणि निळ्या दिव्याखाली चमकतो. कुणा शास्त्रज्ञांनी माझ्या पूर्वजांच्या अंड्यात समुद्रातल्या दुसऱ्याच जीवाचे जनुक घातले. तेव्हापासून आम्ही जन्मतःच असे. मला कुणी विचारले नव्हते. तुम्हालाही तुमचा रंग कुणी विचारून दिलेला नाही.

कारखान्यात इंजिनीअर असलेल्या राजेंद्रांनी मला सिल्वासातल्या दुकानातून आणले. पाहुणे आले की घरातले दिवे मालवत आणि माझा निळा दिवा लागे. कौतुक ऐकतच मी मोठा झालो.

एका रविवारी त्यांच्या पत्नी सुवर्णाताईंनी मोबाईलवर वाचले की असे मासे विकायला आपल्याकडे परवानगीच नाही.

"अहो, नुसत्या शोभेसाठी जिवाची घडण बदलायची? मला नाही पटत."

"तुझ्या आईचं इन्सुलिनही असंच बनतं," राजेंद्र म्हणाले. "जंतूंमध्ये माणसाचं जनुक घालून. ते चालतं ना?"

"त्यानं आई जगते. यानं आपला हॉल सजतो."

राजेंद्र उठले. मग बादली आणि जाळी घेऊन आले. "अथालला जाऊन दमणगंगेत सोडतो. तोही सुटेल, आपणही."

जाळी पाण्यात उतरली तसा मी पंपामागे शिरलो. तिथून निसटलो, पुन्हा शिरलो. माझा एक पर फाटला, पण मी हाती लागलो नाही. या रंगाने नदीत पहिल्याच बगळ्याने मला टिपले असते.

"थांबा," सुवर्णाताई म्हणाल्या. "याची पिल्लं नदीतल्या माशांत मिसळली तर परत कशी गोळा करणार? राहू दे इथंच. फक्त असा दुसरा मासा या घरात येणार नाही."

त्यानंतर निळा दिवा लागला नाही. पाहुण्यांना मला कुणी दाखवत नाही. पाणी हिरवट झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तरीही मी रोज पुढच्या काचेशी येऊन पोहतो. लाज वाटावी असे मी काही केलेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे जीव घडवावेत की नाही, यावर खुशाल भांडा. पण ते भांडण आमच्या जन्माआधी करा. आता मी जन्मलो आहे. मला भूक लागते, घाण पाण्यात जीव गुदमरतो. आधी टाकीचे पाणी बदला, मग बोला.