अग्रलेखाचं शेपूट

मतदानाआधीच्या रविवारी आमचा पेपर अग्रलेखात एका उमेदवाराचं नाव घेऊन ‘यांना मत द्या’ असं सांगतो. पद्धत मालकांच्या वडिलांपासूनची. गेली बावीस वर्षं तो अग्रलेख माझा थोरला भाऊ लिहितो आणि मी पान लावते. खाली कुणाचं नाव नसतं. तरी त्या रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसतो.

यंदा उभे होते दोघं: एक बिल्डर आणि एक सरकारी दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर. दादाने कंपाउंडरसाठी लिहिलं. शनिवारी दुपारी कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “वाच तरी.”

“मला वाचायला नाही, मापायला ठेवलंय,” मी म्हटलं. पण वाचला. आठ ओळी जास्त होत्या, कारण पानाच्या तळाशी जाहिरात होती. बिल्डरचीच.

लेख लांबला की शेपूट कापायचं, हा आमचा नियम. शेपटात होतं सरकारी दवाखान्यातलं डायलिसिसचं यंत्र. ते अकरा महिने प्लास्टिक पांघरून बंद पडलं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी कंपाउंडर रोज डबा घेऊन मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या दारातल्या बाकावर बसायचा, मेकॅनिक येईपर्यंत. आठवड्यातून दोनदा त्याच यंत्राला वहिनीचा हात जोडलेला असतो, हे मात्र दादाने लिहिलं नव्हतं. घरचं अग्रलेखात आणायचं नाही, हा त्याचा नियम.

“वरचं काप ना,” तो म्हणाला.

“वर मुद्दे आहेत. स्वच्छ चारित्र्य, दूरदृष्टी, लोकांविषयी तळमळ. हा तर किस्सा आहे.” शहाणीच मी.

“काप मग. चांगला घास शेवटी ठेवायची खोड माझी.”

चार वाजता मालक स्वतः आले. माझ्या खुर्चीमागे उभं राहून पान वाचलं. “वा! सुरेख उतरलाय. फक्त आपण बिल्डरसाहेबांना पाठिंबा देतोय. तेवढं नाव बदला.”

“मालक, हा लेख त्यांच्यावर नाही,” दादा म्हणाला.

“अहो, अडतंय कुठे? तळमळ काय त्यांना नाही?”

“मला सगळा नव्याने लिहावा लागेल.” दादाला वाटलं, एवढ्यावर टळेल.

“कशाला त्रास? बाई, बदलून बघा.”

मी बदलून बघितलं. नाव तीन ठिकाणी होतं. दुसरा एक शब्द हलवावा लागला नाही, ओळसुद्धा वाढली नाही. मालक खूश होऊन गेले. दादा वाकून पडद्यावर वाचत राहिला. ‘मी याच्याबद्दल नाही’ असं म्हणणारं एखादं वाक्य शोधत होता. सगळी वाक्यं गुमान बसली होती.

“ते शेपूट परत लावू का?” मी विचारलं.

“आता कुणाला लावतेस?” त्याने चष्मा पुसला. मग म्हणाला, “जाऊ दे पान.”

रविवारी त्याने शर्ट काढला नाही कपाटातून.

सोमवारी सकाळी आम्ही वहिनीला घेऊन दवाखान्यात गेलो. तिची सुई लागली, यंत्र सुरू झालं आणि कंपाउंडर आला. निवृत्त झाला तरी प्रचाराला जाण्याआधी यंत्र चालतंय ना, एवढं बघून जातो. काखेत कालचा पेपर होता.

“दादा, तुमच्याकडे कोण लिहितं हो हे? भलताच छान लिहितो. वाचताना मलाच वाटलं, द्यावं मत त्याला!”

आणि स्वतःच हसला. वहिनी पेपर वाचत नाही, दादा सांगतो तेवढं तिला पुरतं. ती कौतुकाने म्हणाली, “पण या यंत्राचं, तुमच्या त्या बाकाचं पण आलंय ना? हे सांगत होते शनिवारी.”

“होय?” कंपाउंडरने घाईने पेपर उलगडला, वरून खाली बोट फिरवलं. “कुठे बरं?”

दादा यंत्राच्या आकड्यांकडे बघत होता.

“जागा पुरली नाही, भाऊ,” मी म्हटलं. “आठ ओळी जास्त झाल्या.”

“असू द्या हो, होतं असं,” तो म्हणाला. वहिनीचं पांघरूण पायांवर नीट ओढलं आणि तिला वाचायला म्हणून पेपर तिच्या उशाशी ठेवून गेला.