बाईंचा फसलेला अंदाज

आमच्या बाई राज्यशास्त्राच्या. एकाच देशातली माणसं एकमेकांवर बंदुका का उगारतात आणि त्यांना आधीच कसं आवरावं, या अभ्यासात त्यांनी तीस वर्षं घालवली. मी त्यांच्या विभागातला कारकून. विद्वान मी ढिगानं पाहिलेत, बहुतेक बोलघेवडे. बाईंसारखं माणूस मात्र दुसरं पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी चक्क छापून सांगितलं, की उत्तरेच्या खाणपट्ट्यात वर्षाच्या आत युद्ध पेटेल. समोरचा आधी वार करील, या भीतीनं दोन्ही गटांचे म्होरके शस्त्रं जमवत होते. "द्वेष परवडला, ही धास्ती नको," बाई म्हणायच्या. पण लिहून स्वस्थ बसतील तर त्या बाई कसल्या? त्या भागात दातांचे डॉक्टर एकच. बाईंनी त्यांना गळ घातली, दोन्ही म्होरक्यांना गुपचूप राजी केलं, आणि मी फोन करून दोघांच्या वेळा एकाच मंगळवारी ठरवल्या. असे सात मंगळवार झाले. एक म्होरक्या पुढच्या दारानं येई, दुसरा मागच्या. बाहेर उभ्या अंगरक्षकांना वाटे, आपल्या साहेबांची दाढ काही केल्या बरी होत नाही. आत बाई दोघांच्या मध्ये बसून त्यांना बोलतं करत. युद्ध झालंच नाही.

परवा बाईंच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत नेमकं तेच आडवं आलं. इतिवृत्त लिहायला मी कोपऱ्यात बसलो होतो.

"तुमचा सगळ्यात गाजलेला अंदाज साफ फसला," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "कसा काय?"

दवाखान्याची गोष्ट सांगितली की पद बाईंच्या खिशात. पण ती फुटली असती, तर त्या दोघांना त्यांच्याच माणसांनी फितूर ठरवून संपवलं असतं, आणि मग सगळंच पेटलं असतं.

"चुकले मी," बाई शांतपणे म्हणाल्या.

"नक्की कुठे?"

"माणसं आहेत त्यापेक्षा मी त्यांना वाईट समजले."

पद दुसऱ्याला द्यायचं ठरलं. 'उमेदवारास चूक मान्य' हे मलाच लिहावं लागलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. डोळे त्यांचेही भरलेले होते.

"एवढी वर्षं पाण्यात गेली हो, बाई."

"पाण्यात कशी? तीस वर्षं मी युद्धात गेलेली माणसं मोजतेय," त्या म्हणाल्या. "एकाच माणसाचं नुकसान होऊन मिटलेलं हे पहिलंच."