केळीचा सासरा

माझा फोटो बाद झाला. बरं, हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. अजून सप्तमीची सकाळ आहे, मी नवीन जालन्यात कॅमेरा घेऊन उभा आहे आणि सगळं उत्तम चाललंय.

पुण्याच्या प्रदर्शनाला संध्याकाळपर्यंत एक फोटो पाठवायचा होता. अट अशी, की फोटोतलं कुणी कॅमेऱ्याकडे बघता कामा नये. निवड झाली तर तिकडं एका फोटोग्राफरच्या हाताखाली काम. नाहीतर वडलांनी साखर कारखान्यात, उसाच्या वजनकाट्यावर चिकटवायचं पक्कं केलेलं.

आता जालन्यात बेसावध माणूस सापडत नाही. कॅमेरा दिसला की चहावाला गाळणी ठेवून केस विंचरतो. बाकावर एक काका झोपलेले होते, त्यांनी झोपेतच शर्टाचं वरचं बटण लावलं.

शेवटचा आधार म्हणजे सराफ्यातल्या बंगाली कारागिरांची दुर्गापूजा. सप्तमीला ते केळीच्या रोपाला अंघोळ घालतात, लाल काठाची पांढरी साडी नेसवतात, पदर पार खालपर्यंत ओढतात आणि वाजतगाजत नेऊन गणपतीशेजारी उभी करतात. सगळे तिला गणपतीची बायको म्हणतात.

मिरवणूक आली. पुढं ढोल, मधे केळीला छातीशी धरून निमाई कारागीर, वर छत्री. मी ऑटोमागं दबा धरला. ऑटो सवारी घेऊन निघून गेला. हातगाड्यामागं गेलो, तर हातगाडाही चालायला लागला. तेवढ्यात फुलं विकणाऱ्या जयवंताबाई मिरवणुकीला आडव्या आल्या.

"थांबा! नवी नवरी अन् रिकाम्या ओटीनं चालली?"

"मौसी, ये तो केले का पेड़ है," निमाई म्हणाला.

जयवंताबाईंनी पदर उचलून आत बघितलं. पान होतं.

"मंग? सासरी चालली ना?"

त्यांनी पिशवीतून खण-नारळ काढला, समोरच्या दुकानातून मूठभर तांदूळ आणले आणि केळीची ओटी भरायला लागल्या. निमाई हसत होता आणि डोळेही पुसत होता. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हाच तो फोटो. मी कॅमेरा उचलला.

"शिवशंकर! फोटो काढून राह्यला का?" ऑटोवाला कडूबा ओरडला. सवारी सोडून परत आल्ता.

ढोलवाल्यानं काठ्या हवेत धरल्या. एका अनोळखी माणसानं मोटारसायकल मधोमध आणून लावली.

"माझ्याकडं बघू नका!"

"मंग काय भिताडाकडं बघू?" कडूबानं विचारलं.

जयवंताबाई मात्र थबकल्या. "तू शिवशंकर? अन् ही गणपतीची बायको? अरे, मंग तू सासरा झाला की हिचा!" त्यांनी झटक्यात केळीचा पदर खाली ओढला. "सासऱ्यापुढं उघड्या तोंडानं? बिलकुल न्हाई. तू ये, हिच्या बाजूला उभा राह्य. कडूबा, फोटो काढ. जल्दी."

मी नको म्हणालो. पण सासऱ्याचं ऐकतो कोण.

दुसरा फोटोच नव्हता, तोच पाठवला. उत्तर आलं, 'सर्व व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाहत आहेत.' सर्व नाही. सुनेची मान शेवटपर्यंत खाली होती. फोटोत सगळ्यात ताठ मी आहे, आणि माझा शर्ट खोचलेला आहे. कधी खोचला, आठवत नाही.

आता काट्यावर आहे. कॅमेरा काढला की उसाच्या ट्रकचे ड्रायव्हर ओळीनं सावधानमध्ये उभे राहतात.

सबब, जालना जिल्ह्यातील समस्त नागरिकांस विनंती करण्यात येते की, कोणत्याही एका सकाळी, फक्त एक मिनिट, त्यांनी आपापले काम चालू ठेवावे व खाली सही करणाऱ्याकडे पाहू नये.